विहिरीवरचे पाहुणे आणि भरताची वांगी

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहायला येऊन मला अठरा वर्षं झाली, पण माझी नोकरी नेमकी कसली आहे हे इथल्या मराठी मंडळींना मी अजून समजावू शकलेलो नाही. आयटीत असतो तर एका शब्दात सुटलो असतो. मी "गॅस कंपनीत" असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लाल सिलिंडर उभा राहतो. एका गणपतीत एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, त्यांच्या आईचं सांगलीतलं कनेक्शन भावाच्या नावावर करून मिळेल का, असं विचारलं होतं. आमच्या समोरच्या काकू तर घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा आवाज यायला लागला की पहिला फोन मला करतात.

खरी गोष्ट अशी की आमची कंपनी कॅनडातली. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, जिथे माणसं कमी आणि अस्वलं जास्त, तिथे ती जमिनीतून नैसर्गिक वायू काढते. सोबत थोडं तेलही येतं. तिथे एवढा गॅस जाळायला कोणी नाही, म्हणून तो पाइपलाइनीतून खाली शिकागोकडे येतो. आमच्या ऑफिसात आम्ही चार जण. खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही. रोज सकाळी मी पाइपलाइनवाल्यांना कळवतो की आज आम्ही वरून इतका गॅस सोडणार, आणि खाली हा इतका घेणार, तो तितका घेणार. थोडक्यात, लग्नात वाढप्यांवर देखरेख करणारा माणूस असतो तसा मी. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेलं नाही. अठरा वर्षांत मी गॅसची एकही विहीर बघितली नव्हती.

त्या जानेवारीत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हेड ऑफिसनं एक नवा उपक्रम काढला होता. विहिरींवर काम करणाऱ्या माणसांना आपला माल शेवटी कुठे जातो ते दाखवायचं. पहिला मान मिळाला होता तिथल्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला. तीस वर्षं विहिरींवर आणि कॉम्प्रेसरवर काढलेला माणूस, वसंतात निवृत्त होणार होता. शुक्रवारी त्यांना गॅसवर वीज बनवणारा एक कारखाना दाखवायचा आणि रविवारी विमानात बसवून द्यायचं, एवढंच काम.

शुक्रवारी थंडी अशी पडली की कारखान्यानं पाहुण्यांना येऊच नका म्हणून कळवलं. थंडीत त्यांचाच जीव मेटाकुटीला आला होता. मी हॉटेलवर जाऊन पाहुण्यांना ही बातमी दिली. ते लॉबीत बसले होते. उंच, रुंद, पांढऱ्या मिशा, आणि बाहेर उणे वीस असताना अंगात पातळ जाकीट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग गॅस बघायला कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तीस वर्षं मी तो नळीत घालतोय. दुसऱ्या टोकाला कोणी पेटवताना मी बघितलेलं नाही. कारखाना नाही तर नाही. कोणाच्या घरी चूल पेटलेली दिसली तरी चालेल. तुमच्या घरी आहे ना?"

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या घरी गॅसची शेगडी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लेक कॉलेजातून घरी आली होती. तिनं शेगडीकडे बघून म्हटलं, "डॅड, यू आर लिटरली बर्निंग मीथेन इनसाइड द हाउस." मी म्हटलं, त्याच मीथेनवर तुझी फी भरली जाते. पण बायको लेकीच्या बाजूनं गेली. तिला सर्दीचा त्रास आहे आणि नव्या काळ्या काचेची शेगडी तिच्या मनात आधीपासूनच भरली होती. डिसेंबरात इंडक्शन आलं. ऑफिसात मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. खाटीक शाकाहारी झाला तर तो दुकानात सांगत फिरत नाही.

इंडक्शन आल्यावर आठ दिवसांत एक अडचण पुढे आली. बायको जळगावची. हिवाळ्यात तिला भरीत लागतं, आणि काळ्या काचेवर वांगं भाजता येत नाही. ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला ती भरीत म्हणायला तयार नव्हती. ती त्याला "उकड" म्हणायची. तेव्हा दर शनिवारी वांगी घेऊन समोर काकूंकडे जायचं आणि त्यांच्या गॅसवर भाजून आणायची, असा शिरस्ता पडला. काकू भूलतज्ज्ञ होत्या, आता निवृत्त. काका हृदयाचे डॉक्टर, तेही निवृत्त. दोघं इथे आले तेव्हा या भागात हिंग मिळत नव्हता, असं काकू दर भेटीत सांगतात.

तर मी पाहुण्यांना म्हटलं, "उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला या. त्याआधी समोरच्या घरी गॅस बघू. त्यांची शेगडी जास्त चांगली आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

शनिवारी सकाळी बायकोनं दोन मोठी वांगी माझ्या हातात दिली. त्याच वेळी साहेबांचा फोन आला. वर थंडीनं दोन विहिरींची तोंडं गोठली होती आणि मला सगळे आकडे बदलून पाठवायचे होते. मी फोन खांद्यावर धरून बोलत होतो आणि बायको समोरून काहीतरी सांगत होती. मी मान डोलावली. तिनं काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, "आज टोचे मारायचे राहिलेत, तेवढं काकूंना सांगा."

काकूंनी पाहुण्यांचं छान स्वागत केलं. त्यांच्या हातात गरम चहा दिला. काका आतल्या खोलीत टीव्हीवर मॅच बघत होते. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं, कारण समालोचक त्यांना आवडत नाही. काकूंनी शेगडीचं बटण फिरवलं, टक टक झालं आणि निळी ज्योत गोल उमलली.

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. वाकून ज्योतीकडे बघितलं.  मला वाटलं, आता खरं सांगावं की नाही? कारण पाइपलाइनीत सगळ्यांचा गॅस एकत्र होतो. त्या ज्योतीत कॅनडाचा गॅस असेल, टेक्ससचाही असेल. तो आमचाच, असं छातीठोक सांगता येत नाही.

त्यांना माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. "मला माहीत आहे, कुणाचा आहे ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण आमचा नाही असंही कोणी सांगू शकत नाही."

काकूंनी एका वांग्याला तेलाचा हात लावला आणि ते ज्योतीवर ठेवलं. टोचे मारलेलेच असणार असं त्यांनी गृहीत धरलं, कारण बायको नेहमी घरूनच टोचे मारून आणते. जन्मभर माणसांना सुया टोचलेल्या बाईनं नेमकं हे एक वांगं टोचायचं सोडलं. चिमटा पाहुण्यांच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "हळूहळू फिरवत राहा. मी कोथिंबीर निवडते."

पाहुणे इतकं मन लावून वांगं फिरवत होते की मी फोटो काढला. तो फोटो काढून मी मोबाइल खिशात ठेवतोय तोच वांगं फुटलं.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. कोणीतरी ओल्या गादीवर काठी मारावी तसा होता. अर्धं वांगं पाहुण्यांच्या जाकिटावर गेलं, थोडं छताला लागलं, आणि उरलेलं बर्नरवर पडून तेलासकट धुमसायला लागलं. धूर झाला. छतावरचा अलार्म ओरडायला लागला, मग वरच्या मजल्यावरचा, मग तळघरातला.

मी फडकं शोधत होतो. काकू "अगंबाई" म्हणत खिडकीकडे निघाल्या. पाहुण्यांनी मात्र एका हातानं बटण बंद केलं, दुसरा हात वर केला आणि अगदी खालच्या, सौम्य आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी बाहेर. धावायचं नाही. वस्तू घ्यायच्या नाहीत."

त्या आवाजात असं काही होतं की आम्ही निघालो. काकूंच्या हातात कोथिंबीर तशीच होती. पाहुणे आत जाऊन काकांना घेऊन आले. काकांना अलार्म ऐकू आला नव्हता. शेवटचं षटक सोडून हा कोण माणूस आपल्याला दंडाला धरून नेतोय, हे त्यांना कळेना. त्यांनी मला विचारलं, "हा कोण रे?"

"आमच्या कंपनीतला आहे, काका."

"फर्नेससाठी आलाय का?"

पाहुण्यांनी आम्हाला पोस्टाच्या पेटीपाशी बर्फात ओळीनं उभं केलं आणि बोट दाखवून मोजलं. मी, काकू, काका. मग स्वतःच्या छातीला बोट लावून, "चार." मग काकूंकडे वळून, "घरात आणखी कोणी?"

"नाही."

"आत कुठे उघडी ज्योत आहे?"

काकू सरळ बाई. त्या म्हणाल्या, "देवापुढे समई आहे."

पाहुणे लगेच दाराकडे वळले. काकू त्यांच्या आडव्या आल्या. साडेचार फुटांची बाई सव्वासहा फुटांच्या माणसासमोर कोथिंबिरीची जुडी धरून उभी राहिली. "ती विझवायची नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ती आपली आपण शांत होते."

"किती वेळात?"

"तासाभरात."

पाहुण्यांनी विचार केला. त्यांच्या तीस वर्षांच्या प्रशिक्षणात हे बसत नव्हतं, पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी वाद घातला नाही. ते काकांच्या गराजमध्ये गेले, तिथून पाना घेतला आणि घराच्या बाजूला जाऊन मीटरजवळचा मुख्य गॅसच बंद करून आले. परत येऊन समाधानानं म्हणाले, "आता सुरक्षित आहे."

तेवढ्यात आगीचा बंब आला. काकूंचा अलार्म कुठल्याशा सिक्युरिटी कंपनीला जोडलेला होता आणि त्यांनी तो बोलावला होता. तीन जवान आत गेले, खिडक्या उघडल्या, आणि त्यातला एक चिमट्यात काहीतरी काळं धरून बाहेर आला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"आमचं जेवण," मी म्हटलं.

त्यानं वांग्याबद्दल आणखी काही विचारलं नाही. सगळं ठीक आहे म्हणाला. पण मीटरवरचा गॅस कोणी बंद केला ते विचारल्यावर पाहुण्यांनी अभिमानानं हात वर केला, तेव्हा त्याचा चेहरा पडला. एकदा बंद झालेला गॅस घरमालकानं परत सुरू करायचा नसतो. त्याला शहरात गॅस पुरवणाऱ्या कंपनीचाच माणूस यावा लागतो. काकूंनी फोन लावला. उत्तर मिळालं, दोन ते सहाच्या दरम्यान कोणीतरी येईल.

अशा रीतीनं कॅनडाच्या एका गॅस कंपनीच्या दोन अनुभवी कर्मचाऱ्यांनी, वर्षातल्या सर्वांत थंड शनिवारी, दोन वृद्ध डॉक्टरांच्या घराचा गॅस तोडला. फर्नेस बंद. घर गार पडायला लागलं. मी म्हटलं, "चला, आमच्याकडे चला." दुसरा पर्याय माझ्याकडे नव्हता.

रस्ता ओलांडताना मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. जमली नाहीत. आम्ही स्वयंपाकघरात शिरलो आणि पाहुण्यांची नजर थेट त्या काळ्या काचेवर गेली. त्यावर आमटी रटरटत होती आणि खाली ज्योतीचा पत्ता नव्हता. त्यांनी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, यांना अजून सांगितलं नव्हतंत?" बायको मराठीत म्हणाली.

मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. लेक, सर्दी, डिसेंबर. ऑफिसात कोणाला ठाऊक नाही हेही सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि जाकिटावरचं वांगं नखानं काढत म्हणाले, "माझ्याकडेही गॅस नाही."

"कसं शक्य आहे?"

"आमच्या कुंपणापासून शंभर पावलांवर पाइपलाइन आहे. पण ती मोठी, दाबाची. तिच्यातून एका घराला जोड देत नाहीत. गावातली लाइन आमच्यापर्यंत येत नाही. लाकडाची शेगडी आहे, आणि स्वयंपाक विजेवर. बायको तीस वर्षं मला टोमणे मारतेय."

हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना आमटी वाढायला निघालो, पण ताटं घ्यायची विसरलो. काकूंकडून परत आणलेलं दुसरं वांगं बायकोनं ओव्हनमध्ये टाकलं. त्याला टोचे तिनं स्वतः मारले, आणि ते मारताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पाहुणे मात्र सुरीकडे लक्ष देऊन बघत होते. "म्हणजे आत वाफेचा दाब धरतो आणि बाहेर पडायला वाट नसते," ते म्हणाले. "आमच्याकडे प्रत्येक टाकीला त्यासाठी झडप असते."

"मग ही झडप," बायको म्हणाली आणि आणखी एक टोचा मारला.

ते उकडच निघालं, भरीत नाही. पण पाहुण्यांनी तीनदा घेतलं. काका जेवताना त्यांना फर्नेसबद्दल प्रश्न विचारत राहिले आणि पाहुण्यांनी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. कानातलं यंत्र समोरच्या घरी राहिल्यामुळे काकांना त्यातलं फार थोडं पोचलं असावं, पण ते खूष होते.

चारच्या सुमारास गॅसपुरवठ्याची व्हॅन आली. आतून पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी उतरली, हातात पेटी, डोक्यावर कानटोपी. मी, पाहुणे आणि काकू तिच्याबरोबर गेलो. तिनं मीटर तपासला, घरातले सगळे जोड तपासले, फर्नेस सुरू केला. कुठेही काही बिघडलेलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "बंद कोणी केलं होतं?"

"मी," पाहुणे म्हणाले.

"का?"

"वांगं फुटलं."

तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. शेगडीवर काही सांडलं तर शेगडी बंद करायची. गॅसचा वास आला तर घराबाहेर पडून आम्हाला फोन करायचा. मीटरला हात लावायचा नाही. "गॅसमधलं ज्यांना काही कळत नाही त्यांनी पान्याशी खेळू नये," ती म्हणाली. "थंडीत पाइप फुटतात, म्हातारी माणसं आजारी पडतात."

मी तोंड उघडलं. हा माणूस कोण आहे ते तिला सांगावं असं मला फार वाटत होतं. पण पाहुण्यांनी कोपरानं मला ढोसलं. मान खाली घालून ते म्हणाले, "येस मॅम. परत असं होणार नाही."

ती गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? ती बरोबर होती," ते म्हणाले. "विहिरीवर माझं बरोबर असतं. इथे तिचं. आणि उणे वीसमध्ये शनिवारी आली बिचारी."

काकूंनी तिला जाताना डब्यात चिवडा बांधून दिला होता. पाहुण्यांनाही दिला. वर "पुढच्या वेळी या, पण पाना घरी ठेवून" असं त्या म्हणाल्या. समई शांत झालेली होती.

मला वाटलं, संपलं. पण सोमवारी पाहुण्यांचा कॅनडातून फोन आला. कंपनीच्या खर्चानं केलेल्या प्रवासात काही अपघात झाला तर रिपोर्ट भरावा लागतो, आणि तीस वर्षांत त्यांनी एकही रिपोर्ट चुकवला नव्हता. आम्ही दोघांनी फोनवर बसून तो फॉर्म भरला. उपकरणाच्या जागी वांगं नव्हतं. पंप होता, झडप होती, कॉम्प्रेसर होता. शेवटी त्यांनी "दाबाखालील भांडं" निवडलं. "कारण" या रकान्यात त्यांनी लिहिलं, "भांड्याला दाब सोडण्याची सोय नव्हती." "जबाबदार व्यक्ती" या रकान्यापाशी आम्ही दोघंही थांबलो. "माझं नाव घाला," मी म्हटलं. "निरोप माझ्याकडे होता."

दोन दिवसांनी हेड ऑफिसच्या सुरक्षा विभागातून एका बाईंचा फोन आला. आवाज गंभीर.

"भांड्याचा आकार किती होता?"

"साधारण आठ इंच."

"कशाचं बनलेलं होतं?"

 मी सगळं पहिल्यापासून सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "मला जरा पाच मिनिटं द्या," आणि दूरवर कोणीतरी खो-खो हसल्याचा आवाज आला.

आमच्याकडे प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला सुरक्षिततेवर दोन मिनिटं बोलायची पद्धत आहे. त्या महिन्यात कंपनीच्या सगळ्या ऑफिसांमध्ये वांग्यावर बोलणं झालं. अर्थात त्यातच माझं इंडक्शनही उघड झालं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "किती खर्च आला? आमच्या घरीही मागे लागलेत."

एप्रिलमध्ये पाहुणे निवृत्त झाले. त्यांच्या विहिरी आता दूर शहरातल्या एका खोलीतून, पडद्यावर बघून चालवतात. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला. दिवसभरात किती गॅस येणार तो आकडा संगणकावरून आपोआप येतो, फोन करायची गरज नसते. पण त्यांना तो स्वतःच्या तोंडानं सांगायचा होता. सांगितला. माझ्या पडद्यावरचा आकडा थोडा जास्त होता.

"कुठला धरू?" मी विचारलं.

"पडद्यावरचा बरोबर असेल," ते म्हणाले. "पण मी आत्ताच सगळ्या विहिरींवरून फिरून आलोय. एक जरा कण्हतेय."

मी त्यांचा आकडा पाठवला. मग आम्ही काकूंच्या गुडघ्याबद्दल बोललो, पाहुण्यांच्या नातवाबद्दल बोललो, आणि त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी प्रत्यक्ष मोजणी आली तेव्हा दोन्ही आकडे थोडे थोडे चुकले होते.